फास्ट गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कसा पारखायचा: मिलिसेकंद राहू द्या, आधी गाडी रांगवून बघा

ऑटोमॅटिक परफॉर्मन्स गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न हमखास ठरलेला, गिअर किती मिलिसेकंदात पडतो, आणि मग दोन ब्रोशरमधले आकडे शेजारी ठेवून वाद सुरू. खरं सांगायचं तर आजच्या कुठल्याही बऱ्या गिअरबॉक्समध्ये हा फरक सीटवर बसून फारसा कळतच नाही, स्टॉपवॉच घेऊन बसलेल्याला कळत असेल. रोज जाणवणारा फरक दुसरीकडे असतो. गाडी उभी आहे, इंजिन फिरतंय, आता इंजिन आणि चाकं यांना हळूच जोडायचं काम नक्की कोण करतंय, तेल, क्लचच्या प्लेटा, की आणखी काही? हे एकदा कळलं की ट्रॅफिकमध्ये धक्के का बसतात, ट्रॅकवर चार लॅपनंतर वॉर्निंग का येते, जुनी झाल्यावर काय आधी जाणार, बहुतेक सगळ्याचा अंदाज येतो. म्हणून तुलना करायची तर तिथून सुरू करायची.

नावावर जाऊ नका

आधी आत काय बसवलंय ते शोधा, कारण कंपन्यांची नावं अजिबात मदत करत नाहीत. ऑडीच्या आरएस३ मध्ये एस ट्रॉनिक, तो ड्युअल क्लच (दोन क्लचवाला), पण आरएस६ मध्ये टिपट्रॉनिक, तो टॉर्क कन्व्हर्टरवाला (तेलातून जोडणारा), दोन्ही खाली येतीलच. पोर्शचं पण तसंच, ९११ मध्ये पीडीके म्हणजे ड्युअल क्लच आणि कायेनमध्ये टिपट्रॉनिक. बीएमडब्ल्यू तर स्टेपट्रॉनिक हा शब्द कन्व्हर्टरवाल्या मोठ्या गाड्यांना पण लावते आणि छोट्या गाड्यांमधल्या ड्युअल क्लचला पण. मर्सिडीजच्या एएमजीमध्ये स्पीडशिफ्ट लिहिलेलं असेल तर पुढची तीन अक्षरं वाचा, डीसीटी, एमसीटी आणि टीसीटी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा सेल्समनला "ऑटोमॅटिक कुठली" असं न विचारता "टॉर्क कन्व्हर्टर आहे का, नसेल तर क्लच किती आणि ते कोरडे का तेलातले" असं विचारा. त्याला सांगता आलं नाही तर टेक्निकल स्पेसिफिकेशनचा कागद मागा, त्यात लिहिलेलं असतं.

टॉर्क कन्व्हर्टर

यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात सुरुवातीला तेलच असतं. इंजिनकडची पाती तेल ढकलतात, त्या तेलाच्या जोरावर गिअरबॉक्सकडची पाती फिरतात आणि मधे स्टेटर नावाचा भाग परत येणाऱ्या तेलाची दिशा बदलून टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, वाढवतो, सुटताना हा टॉर्क दुपटीच्या आसपास जाऊ शकतो. काही घासत नाही त्यामुळे गाडी ताशी ३-४ किमीने पण लोण्यासारखी रांगते. जुन्या काळी याला "स्लशबॉक्स" म्हणून शिव्या पडायच्या कारण तेल घसरत राहायचं, इंजिन ओरडायचं आणि गाडी मागाहून यायची. आताच्या बॉक्समध्ये लॉक-अप क्लच असतो, गाडीने जरा वेग घेतला की तो बंद होतो आणि इंजिन थेट गिअरबॉक्सला जोडलं जातं, म्हणजे तेलाचं काम फक्त सुटतानाच, नंतर जवळपास नाहीच.

या प्रकाराची इज्जत परत आणली ती झेडएफ या जर्मन कंपनीच्या ८एचपी गिअरबॉक्सने. २००९ मध्ये बीएमडब्ल्यू ७ सीरिजमधून आला आणि मग ज्याला बघावं त्याच्याकडे हाच, आल्फा रोमिओ ज्युलिया क्वाड्रिफोलिओ, जॅग्वार एफ-टाइप, लँबोर्गिनी उरूस, अॅस्टन मार्टिनने तर तो मागच्या अॅक्सलपाशी नेऊन बसवला. आत चार प्लॅनेटरी गिअरसेट (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात असे संच) आणि पाच क्लच-ब्रेक, त्यातले कुठल्याही गिअरमध्ये फक्त दोनच उघडे. शेजारचा गिअर टाकताना एक सुटतो, एक पकडतो, बस. आणि याला पुढचा गिअर आधीच ओळखून ठेवायची गरज नाही, ८ वरून थेट खूप खाली उडी मारता येते. हायवेवर एकदम पाय दाबला की हे कळतं.

सगळ्यात बोलकं उदाहरण एम५ चं. एफ१० पिढीत बीएमडब्ल्यूने ड्युअल क्लच दिला होता, पुढच्या एफ९० पिढीत परत टॉर्क कन्व्हर्टर आणला, आणि ती गाडी सुटायला आधीपेक्षा कितीतरी वेगवान, अर्थात त्यात फोर व्हील ड्राइव्हचा पण हात आहे. तरी कन्व्हर्टर म्हणजे आजोबांची गाडी असं अजून कुणी म्हणत असेल तर त्याला ड्रॅग स्ट्रिपवर न्या. २०१८ च्या डॉज चॅलेंजर डीमनमध्ये कारखान्यातूनच ट्रान्सब्रेक आला होता, म्हणजे गिअरबॉक्स आतून अडवून धरायचा, इंजिन कन्व्हर्टरवर जोर लावून तयार ठेवायचं आणि स्टीअरिंगमागचं पॅडल सोडलं की सुटायचं. प्लेटांच्या क्लचवर तेवढी जबरदस्ती वारंवार केली तर प्लेटा जळतात, इथे फक्त तेल गरम होतं.

तोटे? वजन आणि लांबी. आणि ब्रेक दाबून पटापट खाली गिअर घेताना काही गाड्यांत तो कुरकुरीत तुकडा पडल्यासारखा फील येत नाही, मऊ मऊ वाटतं. ते ट्युनिंगवर पण असतं, त्याच ८एचपी चे दोन गाड्यांत दोन स्वभाव असतात, म्हणून एका गाडीत आवडला नाही तर बॉक्सवर फुली मारू नका.

ड्युअल क्लच

यात दोन क्लच, एकाकडे १-३-५-७ आणि दुसऱ्याकडे २-४-६. तुम्ही तिसऱ्यात जोर लावून पळताय तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो, शिफ्ट म्हणजे फक्त एक क्लच सोडणं आणि त्याच क्षणी दुसरा पकडणं, मधे ओढ तुटतच नाही. पोर्शने हे १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या रेसिंग गाड्यांवर घासूनपुसून बघितलं होतं पण रोडवर पहिल्यांदा आलं ते २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मध्ये. मग २००५ ला बुगाटी वेरॉन, १,२५० न्यूटन-मीटर टॉर्क झेलणारा सात गिअरचा ड्युअल क्लच, २००७ ला निसान जीटी-आर, २००८ ला ९११ आणि फेरारी कॅलिफोर्निया. २०२० च्या कॉर्व्हेट सी८ ला तर मॅन्युअल गिअरबॉक्स ठेवलाच नाही.

आता यातली मेख. पुढचा गिअर "आधीच लावलेला" म्हणजे कंप्युटरने अंदाज बांधलाय. अंदाज बरोबर तर जादू. पण समजा तुम्ही हळूहळू थांबत होतात, बॉक्स पहिला लावायच्या तयारीत, आणि तेवढ्यात जागा मिळाली म्हणून तुम्ही पाय दाबला, तर मधे एक क्षण काहीच होत नाही आणि मग धाडकन गाडी सुटते. दुसरं, ६ वरून ४ वर जायचं असेल तर दोन्ही गिअर एकाच क्लचवर, मग ओढ न तोडता सरळ उडी मारताच येत नाही, मधे ५ चा आधार घ्यावा लागतो. हे सगळं इतक्या पटकन होतं की बऱ्याचदा कळत नाही, पण किकडाउनला, म्हणजे एकदम पाय दाबून गिअर खाली पडताना, कधीतरी जो हिशोब केल्यासारखा विचित्र थांबा जाणवतो तो हाच. कोनिगसेगने जेस्कोसाठी याच्यावर स्वतःचा उपाय काढला, नऊ गिअर आणि सात क्लच, कुठल्याही गिअरमधून थेट कुठल्याही गिअरला. अर्थात तो तुम्हीआम्ही तुलनेत धरण्यासारखा नाही, पण दुखणं खरं आहे हे त्यावरून कळतं.

आणि उष्णता. सुटताना इथे प्लेटाच घसरतात, दुसरं कुणी नाही. कोरडा क्लच हवेवर थंड होतो म्हणून त्याची ताकद कमी, फोक्सवॅगनच्या कोरड्या डीक्यू२०० ची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आणि तेलातल्या डीक्यू५०० ची ६००, यावरून समजा. परफॉर्मन्स गाडीत जवळपास सगळीकडे तेलातलेच क्लच असतात, पण कुठे कोरडा दिसला आणि गाडी ट्युन करून टॉर्क वाढवायचा तुमचा विचार असला तर तिथेच थांबा. लॉन्च कंट्रोलचं, म्हणजे उभ्या गाडीतून आरपीएम चढवून पूर्ण जोरात सुटायच्या सोयीचं, पण तेच. सुरुवातीच्या जीटी-आरमध्ये लॉन्च मारून गिअरबॉक्स तुटल्याच्या तक्रारी आल्या, निसानने पुढे सॉफ्टवेअर बदलून लॉन्चचा आरपीएम खाली आणला.

तरी सुपरकार हाच का वापरतात? कारण इंजिन मधे असलं की गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच आखूड डब्यात बसवावे लागतात, तिथे ड्युअल क्लच नीट मावतो. शिवाय ९,००० आरपीएमपर्यंत जाणाऱ्या इंजिनाला त्याची ती तुटक, धारदार शिफ्ट शोभून दिसते, ९११ जीटी३ चालवलेला माणूस पीडीकेबद्दल वाईट बोलताना मला तरी भेटलेला नाही.

मधले आणि जुने

एएमजीचा एमसीटी हा मधला मार्ग. गिअरबॉक्स आतून प्लॅनेटरीच, फक्त पुढचा टॉर्क कन्व्हर्टर काढून तिथे तेलातला क्लच बसवला, २००८ च्या एसएल ६३ पासून. प्रतिसाद तिखट मिळतो, पण पार्किंगमध्ये इंच इंच सरकवताना कन्व्हर्टरची मऊपणाची सवय असलेल्याला थोडं खटकतं.

सिंगल क्लच ऑटोमेटेड म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर टाकायचं काम पंपाकडे. फॉर्म्युला वनमध्ये फेरारीने १९८९ ला ६४० गाडीत आणला आणि नायजेल मॅन्सेल पहिलीच रेस, ब्राझीलची, जिंकला. रोडवर १९९७ ला एफ३५५ एफ१, मग बीएमडब्ल्यूचा एसएमजी, लँबोर्गिनीचा ई-गिअर. शेवटचा मोठा गडी लँबोर्गिनी अॅव्हेंटाडोर, २०११ ते २०२२, आणि ज्यांना मिलिसेकंदाचं वेड आहे त्यांनी ही गाडी जरूर चालवावी, कंपनीचा आकडा ५० मिलिसेकंद, आणि तरी अर्ध्या थ्रॉटलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर अर्धाच दाबलेला असताना, गिअर पडला की मान पुढेमागे होते, कारण क्लच एकच, मधे ओढ तुटणारच. अशी गाडी सेकंडहँड घेतली तर वर गिअर टाकताना पाय किंचित उचला, मॅन्युअलसारखा, बराच धक्का कमी होतो, आणि उलटी घ्यायची असेल तर चढावर चुकूनही नको, तिथे क्लच सगळ्यात जास्त जळतो.

सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर किंवा चेनवर सलग बदलत जाणारा बॉक्स, त्याबद्दल दोनच वाक्यं. १९९३ मध्ये विल्यम्सने फॉर्म्युला वन गाडीवर टेस्ट केला आणि १९९४ पासून नियमानेच बंद झाला, त्यामुळे तत्त्वात दम आहे, पण रोडवरच्या गाडीत पट्टा किंवा चेन किती टॉर्क झेलणार याला मर्यादा आणि आवाज एका सुरात अडकतो. सुबारू डब्ल्यूआरएक्ससारख्या गाडीत मिळत असेल तर चालवून बघा, मला नाही पटला.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यायची

सेल्समन तुम्हाला मोकळ्या रस्त्यावर नेऊन स्पोर्ट मोड लावून पाय दाबायला सांगणार, तिथे सगळेच गिअरबॉक्स छान वाटतात. तुम्ही उलट करा.

गाडी थंड असताना सुरू करा, सपाट रस्त्यावर डी मध्ये टाकून ब्रेक हळूहळू सोडा आणि नुसतं रांगू द्या, अॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता. थरथर येते का, पकडते-सोडते असं होतं का बघा. मग छोट्या चढावर थांबून तेच करा. मग (सिंगल क्लचवाली सोडून) रिव्हर्समध्ये चढावर एक फूटभर मागे घेऊन थांबवा, हे एकदा नाही दोनतीनदा, कारण क्लचवाल्या बॉक्सची खरी परीक्षा इथेच असते आणि रोजच्या पार्किंगला तुम्ही हेच करणार.

त्यानंतर ताशी १० किमीच्या आसपास थांबतोय-थांबतोय असं करून अचानक अर्धा थ्रॉटल द्या. वर सांगितलेला तो रिकामा क्षण किती मोठा आहे ते लगेच कळेल, आणि मला विचाराल तर दोन गाड्यांत कुठली घ्यायची हे या एका गोष्टीवर ठरवायला हरकत नाही. मग जरा वेगात, सगळ्यात वरच्या गिअरला निवांत जाताना एकदम पूर्ण पाय दाबा आणि मनात मोजा, इंजिनचा आवाज बदलणं आणि पाठीला धक्का लागणं यात किती वेळ जातो. मॅन्युअल मोडमध्ये ब्रेक मारत लागोपाठ दोनतीन गिअर खाली घ्या, प्रत्येक पॅडलला उत्तर येतं की एखादी मागणी गिळून टाकतो? रेडलाइनला, म्हणजे आरपीएमच्या वरच्या मर्यादेला, पोचल्यावर गिअर धरून ठेवतो का स्वतःच वर टाकतो? ट्रॅकवर जाणार असाल तर हे आधी माहीत पाहिजे.

सेकंडहँड असेल तर हे सगळं गाडी अर्धापाऊण तास चालवून गरम झाल्यावर परत एकदा. थंड असताना गोड वागणारे बॉक्स गरम झाल्यावर रंग दाखवतात. वरच्या गिअरला मध्यम थ्रॉटलवर आरपीएम वाढतोय पण वेग नाही असं दिसलं तर क्लच घसरतोय. कन्व्हर्टरवाल्यात कमी आरपीएमवर, हलक्या थ्रॉटलला, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी बारीक थरथर आली तर लॉक-अप क्लच किंवा तेलाचा संशय घ्या. स्कॅनर लावायला लावाच. सिंगल क्लचवाल्या फेरारीत क्लच किती झिजलाय ते निदानात वाचता येतं, काही गाड्यांत लॉन्च किती वेळा मारलं त्याची पण नोंद सापडते, विकणारा काय बोलतो त्यापेक्षा ती नोंद बघा.

घेतल्यावर कशी वापरायची

ड्युअल क्लच आणि एमसीटी दोन्हीला: चढावर अॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नका, ब्रेक वापरा. ट्रॅफिकमध्ये पुढचा हातभर सरकला की लगेच सरकायचं नाही, गाडीभर जागा होऊ द्या आणि मग क्लच पूर्ण पकडेल इतकं पुढे जा. सिग्नलला न्यूट्रल करायची गरज नाही, ब्रेक दाबून उभं राहिलं की क्लच सुटलेलाच असतो. लॉन्च करायचंच असेल तर गिअरबॉक्सचं तेल गरम झाल्यावर, इंजिनचं नाही, गिअरबॉक्सचं, ते उशिरा तापतं. आणि दोन लॉन्चमध्ये गाडी थोडी चालवून थंड होऊ द्या.

ट्रॅकवरून आल्यावर शेवटचा लॅप सावकाश, लगेच इंजिन बंद नाही. उतारावर पार्क करताना आधी हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडीचं वजन त्यावर येऊ द्या, मग पी, नाहीतर सगळं वजन आतल्या एका छोट्या खिट्टीवर येतं.

तेल. "लाइफटाइम ऑइल" हे वाक्य गाडीच्या कंपनीचं, गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफचं म्हणणं मात्र ८०,००० ते १,२०,००० किमीला बदला असं आहे, आणि तुम्ही जोरात चालवत असाल तर त्याच्याही आधी. तेलातल्या क्लचच्या फोक्सवॅगन डीक्यू२५० ला ६०,००० किमी. पोर्शच्या सात गिअरच्या पीडीकेत तर दोन वेगळी तेलं, एक क्लच आणि हायड्रॉलिकचं, दुसरं गिअरचं, त्यामुळे "गिअर ऑइल बदललं" एवढी पावती पुरत नाही, कुठलं ते विचारा. पातळी तपासताना तेलाचं तापमान कंपनीने सांगितलेल्या टप्प्यातच हवं, मेकॅनिक ते न मोजता झाकण उघडत असेल तर गाडी उचला आणि दुसरीकडे जा.

मग कुठला घ्यायचा

घरात एकच फास्ट गाडी, रोज चालवणार, वजनदार, फोर व्हील ड्राइव्ह, टॉर्क भरपूर: डोळे मिटून आधुनिक टॉर्क कन्व्हर्टर. महिन्यातून ट्रॅकवर जाता, गाडी हलकी, इंजिन वरपर्यंत फिरणारं: ड्युअल क्लच, तेलातला, आणि ट्रॅफिकचे धक्के कुरकुर न करता सहन करा. ड्रॅग: कन्व्हर्टर. सिंगल क्लच फक्त त्या विशिष्ट गाडीवर जीव जडला असेल तरच. आणि एकच मॉडेल दोन्ही प्रकारांत मिळालं, जुन्या पिढीत एक नव्यात दुसरा, तर दोन्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा.

इलेक्ट्रिकमध्ये हा सगळा वाद बऱ्यापैकी संपतो, मोटर शून्य आरपीएमपासूनच ओढते म्हणून जोडणाऱ्याची गरजच नाही, बहुतेकांना एकच गिअर, पोर्श टायकानला मागच्या अॅक्सलवर दोन. आणि गंमत बघा, ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन मध्ये नसलेल्या आठ गिअरच्या ड्युअल क्लचची नक्कल घातलीय, खोटे धक्के आणि खोट्या रेडलाइनसकट. टेस्ट ड्राइव्हला ते आधी बंद करून चालवा, मग चालू करून.